कुपीमागची माणसे

प्रयोगशाळेत एखादा प्रयोग साधणे वेगळे आणि त्यातून औषधाच्या दुकानातील कुपी निघणे वेगळे. या दोहोंमधील वाट लहान उद्योजकाची सत्त्वपरीक्षाच पाहते.

हिपॅटायटिस-बी हा यकृताचा विकार आईकडून बाळाला जन्मतःच जडू शकतो. त्यावरील लस पूर्वी परदेशातून येई आणि सामान्य घरांना ती परवडत नसे. आपल्या हैदराबादेत वरप्रसाद रेड्डी या अभियंत्याने १९९३ साली ती येथेच बनविण्याचा ध्यास घेतला. कंपनीला त्यांनी आपल्या आईचे, शांता हे नाव दिले. पण जी लस अजून जन्मालाच आली नाही, तिच्यावर पैसा लावणार कोण? ओमानचे मंत्री युसुफ बिन अलावी यांनी भांडवल घातले. उस्मानिया विद्यापीठाने आणि पुढे सी.सी.एम.बी. या संशोधनसंस्थेने संशोधनाला आसरा दिला. केंद्राच्या तंत्रज्ञान विकास मंडळाने कर्ज दिले. १९९७ साली ‘शॅनव्हॅक-बी’ बाजारात आली आणि लस स्वस्त झाली.

अशा नवउद्योजकांना हात देण्यासाठी केंद्राने २०१२ साली ‘बायरॅक’ ही संस्था स्थापन केली. तरीही पैशाइतकीच गरज असते ती जागेची, जाणत्यांच्या सल्ल्याची आणि धीर धरणाऱ्या माणसांची. घरातील एखाद्या मुलाने वा मुलीने असे धाडस मनात आणले, तर ‘आधी नोकरी बघ’ म्हणण्यापूर्वी ही कुपी आठवावी.