पेसमेकरची लीड तांब्याची का नसते?

पेसमेकर बसवायचे ठरले की नातेवाईकांचे बहुतेक प्रश्न बॅटरीबद्दल असतात. यंत्रापासून हृदयापर्यंत जाणाऱ्या तारेबद्दल, म्हणजे लीडबद्दल, क्वचितच कोणी विचारते. खरे तर सर्वाधिक ताण सोसते ती लीडच.

हृदय दिवसाला सुमारे १ लाख वेळा धडधडते आणि दर ठोक्याला लीड थोडी वाकते. दहा वर्षांत हा आकडा ३५ कोटींच्या पुढे जातो. तांबे वीज उत्तम वाहून नेते, पण सतत वाकवल्यास तुटते; चार्जरची वायर टोकाशी तुटते तशी. शिवाय शरीरातील खारट द्रवात ते गंजते आणि विरघळलेले तांबे पेशींना घातक असते.

म्हणून लीडची तार बहुधा निकेल, कोबाल्ट, क्रोमियम आणि मॉलिब्डेनम यांच्या मिश्रधातूची असते. ती वीज तांब्याइतकी चांगली वाहून नेत नाही. पण पेसमेकरला लागणारा प्रवाह अगदी अल्प असतो, त्यामुळे इथे वाहकतेपेक्षा चिवटपणा महत्त्वाचा. मोठा शॉक देणाऱ्या आयसीडी यंत्रात मात्र तेवढ्याने भागत नाही. तिथे तारेच्या गाभ्यात चांदी भरतात. तार अनेकदा स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, म्हणजे वाकण्याचा ताण एकाच जागी येत नाही. हृदयाला टेकणारे टोक बहुतेकदा प्लॅटिनम-इरिडियमचे, आणि बाहेरचे आवरण सिलिकॉन किंवा पॉलियुरेथेनचे.

एवढे करूनही लीड कधीकधी तुटते, विशेषतः कॉलर बोन आणि पहिली बरगडी यांच्यामध्ये चिमटली तर. तपासणीत डॉक्टर लीडचा विद्युत रोध मोजतात: तो एकदम वाढला तर तार तुटल्याची शंका, एकदम घटला तर आवरण फाटल्याची. चक्कर, बेशुद्धी, छातीचा स्नायू उडणे किंवा न थांबणारी उचकी असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

शस्त्रक्रियेनंतरचे काही आठवडे हात खांद्यावर उचलू नका असे सांगतात, ते मुख्यतः लीडचे टोक जागचे हलू नये म्हणून. हात अजिबात न हलवणेही चूक, खांदा आखडतो. (ही चूक फार काळजी घेणाऱ्या घरांत जास्त होते.)

नकली दागिन्यांनी पुरळ उठत असेल तर शस्त्रक्रियेपूर्वी सांगा, कारण ती निकेलची ॲलर्जी असू शकते. तार आवरणात असल्याने त्रास क्वचित होतो, तरी डॉक्टरांना माहीत हवे. एमआरआयपूर्वी पेसमेकरचे कार्ड दाखवा. यंत्र आणि लीड दोन्ही एमआरआयसाठी योग्य आहेत का, हे पाहावे लागते.