टाके निघाल्यानंतर

मेंदूच्या गाठीचं ऑपरेशन करून माणूस घरी आला की भेटायला येणारे आधी टाक्यांची चौकशी करतात. किती पडले, कधी काढणार, पाणी तर लागलं नाही ना. टाके निघाले की गावाच्या हिशेबी आजारपण संपलं. खरं तर डोक्याची कातडी सगळ्यात आधी भरून येते. तिच्याखालचं हाड सांधायला महिने लागतात आणि हाडाच्या आतला मेंदू कधी सावरतो हे बाहेरून कुणाला दिसतच नाही. ते न दिसणारं सावरणं जपायचं काम घरच्यांकडे येतं. आमच्या घरी ते माझ्याकडे आलं, म्हणून लिहिते आहे.

सासूबाईंना आम्ही सगळे आत्या म्हणतो. शिरूर तालुक्यातलं केंदूर आमचं गाव. घरची थोडी कोरडवाहू जमीन, पाणी असेल तेवढा कांदा. भाकरी थापताना आत्यांचा डावा हात मागे पडायला लागला, तेव्हा वयाचं काहीतरी असेल असं सगळ्यांनाच वाटलं. मग एकदा कांदा काढताना वाफ्यातच त्यांना फिट आली आणि एमआरआयमध्ये उजव्या कपाळामागे गाठ निघाली. मेनिंजिओमा. ही गाठ मेंदूच्या आवरणातून उगवते, बहुतेक वेळा साधी असते, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त आढळते. वर्षानुवर्षं ती इतकी हळू वाढते की मेंदू सरकून तिला जागा करून देत राहतो, आणि जागा संपली की एकदम लक्षणं दिसू लागतात. पुण्यात ऑपरेशन झालं. कवटीचा तुकडा झाकणासारखा उघडून गाठ काढली आणि तोच तुकडा टायटॅनियमच्या पट्ट्या-स्क्रूंनी परत बसवला.

घरी आल्यावर पहिली अडचण खाटेची होती. डोकं छातीपेक्षा उंच ठेवायचं, म्हणजे मेंदूवरची सूज उतरायला मदत होते. उशांवर उशा रचल्या की मान मुडपते, म्हणून मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, खाटेच्या उशाकडच्या दोन्ही पायांखाली विटा दिल्या. खाट पडवीतून आतल्या खोलीत नेली. आत्यांना ते आवडलं नाही. पडवीत बसलं की येणारा-जाणारा दिसतो, हाक मारता येते. आतल्या खोलीत आजारी असल्यासारखं वाटतं, म्हणाल्या.

गोळ्यांचं वेळापत्रक कॅलेंडरच्या चौकोनांत लिहून ठेवलं होतं. फिटची गोळी सकाळी आठ, रात्री आठ. त्यात सवलत नाही. दुसरी स्टेरॉइडची, डेक्सामेथासोन. गाठीभोवतीची सूज उतरवायला हे औषध १९६१ साली अमेरिकेत गॅलिसिक आणि फ्रेंच या दोन डॉक्टरांनी वापरून दाखवलं आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेतली धास्ती बरीच कमी झाली. पण घरात ती गोळी असते तेव्हा घराची तऱ्हा बदलते. आत्यांना रात्री झोप नाही, रात्री-अपरात्री भूक, तोंड सुजून गोल झालेलं, साखर वाढलेली. ही गोळी दर थोड्या दिवसांनी अर्धी-पाव करत उतरवायची असते. शरीर स्वतः बनवतं ते स्टेरॉइड या काळात थंडावलेलं असतं, त्यामुळे गोळी एकदम तोडली तर माणूस गळून पडतो, रक्तदाब खाली जातो, प्रसंगी जिवावर बेतू शकतं. शेजारच्या एक आजी मायेनंच म्हणायच्या, ‘आता बरी झालीस ना, कशाला एवढ्या गोळ्यांची उष्णता?’ प्रत्येक वेळी मी गोळी हातात देऊन आत्यांनी ती गिळेपर्यंत समोर उभी राहायचे.

केसांचं दुःख वेगळं होतं. अर्धं डोकं भादरलेलं. सवाष्ण बाई अशी दिसते म्हणून येणाऱ्या बायकांचे चेहरे क्षणभर उतरायचे, आणि आत्यांना ते बरोबर कळायचं. म्हणून त्या भर उन्हाळ्यात पदर घट्ट ओढून बसायच्या. सिंथेटिक पदराखाली घाम साचायचा आणि पदराचा धागा टाक्याच्या पिनांत अडकायचा. जुन्या मऊ सुती लुगड्याचा तुकडा सैल बांधायला दिला, तेव्हा टाक्यांचीही सोय झाली आणि आत्यांचीही. डॉक्टरांच्या कागदावर हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. बाईच्या डोक्याचं ऑपरेशन करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयात कुणीतरी तिच्याशी केसांबद्दल दोन वाक्यं बोलायला हवीत असं माझं ठाम मत आहे.

काही गोष्टींची आधी कल्पना दिली नाही तर घाबरगुंडी उडते. जखमेच्या वरची कातडी बधिर राहते, मग तिथे मुंग्या येतात, खाज सुटते. डोक्यात कधी टक् असा आवाज होतो. बसवलेलं हाड सांधत असताना असं होऊ शकतं. कानशिलाजवळचा स्नायू कापलेला असेल तर जबडा आखडतो. आत्यांना भाकरीचा तुकडा चावेना, म्हणून काही दिवस दुधात कुस्करून दिली. या गोष्टी हळूहळू ओसरतात. न ओसरणाऱ्या आणि तातडीनं डॉक्टरांकडे नेण्याच्या गोष्टी वेगळ्या: ताप, जखम लाल होणं किंवा वाहणं, नाकातून पाण्यासारखं खारट पातळ काही गळणं, वाढत जाणारी डोकेदुखी आणि उलट्या, एका पोटरीला सूज, किंवा माणूस नेहमीपेक्षा जास्त झोपेत जाणं. हा कागद मी दाराच्या मागे चिकटवला होता, कारण मी घरात नसताना तो दुसऱ्या कुणाला तरी वाचता यायला हवा.

सगळ्यात अवघड काम होतं पाहुण्यांचं. माणसं प्रेमानं येतात, नारळ, बिस्किटचे पुडे, केळी घेऊन येतात. पण येणाऱ्या प्रत्येकाला सगळी हकिगत पहिल्यापासून ऐकायची असते. तीन-चार जण एकाच वेळी बोलतात, त्यात टीव्ही चालू, बाहेर ट्रॅक्टर. निरोगी मेंदू त्यातला नको तो आवाज आपोआप बाजूला सारतो. ऑपरेशन झालेल्या मेंदूला तेवढ्यासाठीही ताकद लागते. तासभराच्या गप्पांनंतर आत्या दुपारभर झोपायच्या आणि उठल्यावर शब्द शोधायच्या. कष्टानं येणाऱ्या थकव्यासारखा हा नसतो. तो आधी कळवत नाही, एकदम पाडतो, आणि कित्येकांच्या बाबतीत महिनोन्महिने टिकतो. दारात आलेल्या माणसाला ‘आत्या झोपल्यात, माझ्याशीच बोला’ म्हणणं सुनेला सोपं नसतं. मागून बोलणं झालंच. शेवटी मामा पडवीत बसायला लागले. हकिगत ते सांगायचे, आत एकेकच जाई. वडीलधाऱ्या माणसानं दार धरलं की गाव ऐकतं.

आत्यांचा स्वभावही बदलला होता. कपाळामागचा भाग पुढाकार, संयम, कामाचा क्रम या गोष्टी सांभाळतो. घर हाकणारी बाई सांगितल्याशिवाय उठेना, आणि बारीकशा गोष्टीवरून ताट सरकवून द्यायची. फिटच्या काही गोळ्यांनीही चिडचिड वाढते, तेही डॉक्टरांना सांगावं लागतं. मामांना वाटायचं, ही मुद्दाम करते. ‘मामा, त्यांचा हात उचलत नव्हता तेव्हा तुम्ही रागावला होता का?’ असं मी विचारलं. त्यानंतर ते गप्प बसून आत्यांशेजारी शेंगा फोडायला लागले.

हाताचा व्यायाम फिजिओथेरपिस्टनं शिकवला होता. आत्यांना तो पोरखेळ वाटायचा. मग गवार मोडायला दिली, लसूण सोलायला, शेंगा फोडायला. डाव्या हातानं धरायचं, हे एकच बंधन. भाकरीचं पीठ मळायला मिळालं तेव्हा त्यांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. थापताना डावी बाजू जाड राहायची, भाकरी चिरायची. त्याच चिरलेल्या भाकऱ्या आम्ही खाल्ल्या. तव्याजवळ मात्र मीच. फिटचा धोका असेपर्यंत चूल, विहीर, बंधाऱ्याचा काठ आणि दुचाकीची मागची सीट या जागा बंद. न्हाणीघराची कडी आतून लावायची नाही.

फिट आलीच तर काय करायचं हे घरातल्या पोरांनाही शिकवलं. वाफ्यात फिट आली तेव्हा कुणी चप्पल हुंगवली होती, कुणी दातांत चमचा घालायला धावलं होतं. यातलं काहीही करू नये. कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी द्यायचं, तोंडात काही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही, किंवा एकापाठोपाठ दुसरी आली, तर १०८.

गावात कान्होराज महाराजांचं मंदिर आहे. ज्ञानेश्वरांच्या काळातले कान्होराज पाठक इथलेच. हरिपाठाला जायचं हा आत्यांचा पहिला हट्ट. स्पीकरपासून लांब, ओट्यावर बसवलं आणि त्या दमायच्या आत परत आणलं. पुढे त्या स्वतःच ‘चल आता’ म्हणायला लागल्या. आपला थकवा आपल्याला कळू लागणं ही सुधारणेची खूण मी कुठल्याही रिपोर्टपेक्षा मोठी मानते.

गाठ साधी निघाली तरी एमआरआय चुकवायचा नाही. अमेरिकन सेनेतले अधिकारी लिओनार्ड वूड यांची मेनिंजिओमाची गाठ हार्वे कुशिंग यांनी १९१० साली काढली. त्यानंतर ते कित्येक वर्षं मोठ्या पदांवर वावरले. गाठ मात्र पुन्हा वाढली आणि १९२७ साली दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा मृत्यू झाला. त्या काळी एमआरआय नव्हता. आज आहे, आणि दुखत नसतानाही पुण्याची खेप करायला लावणं हे घरच्यांचंच काम आहे. ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झालं असेल, तर पुढच्या तपासण्या आणि औषधांपैकी काय मिळतं हे घरी निघण्याआधीच आरोग्यमित्राला विचारून कागदावर लिहून घ्या.

आणि तुमच्या गावात असं कुणी घरी परतलं असेल तर भेटायला जरूर जा. पण दहा मिनिटं बसा, एकानंच बोला, आणि निघताना त्या घरातल्या सुनेला किंवा लेकीला विचारा की तासभर मी थांबू का, तू झोपून घे.