तापीकाठची गावे आणि पाण्याची वाटणी

मंडळी, गाव कोठे वसते? आपण म्हणाल, पाणी असेल तेथे. खरे आहे; पण पाण्याच्या अगदी कडेलाही नाही. पुरात घर वाहून जाऊ नये आणि उन्हाळ्यात हंडा आणताना दम लागू नये, अशी जागा जुनी माणसे शोधत.

आपल्या खानदेशचा नकाशा पाहा. गोमाई तापीला मिळते तेथे प्रकाशे आहे. तेथील जुने टेकाड १९५५ साली पुरातत्त्व खात्याने खणले, तेव्हा खाली ताम्रपाषाण काळची वस्ती निघाली. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेव. तापीकाठीच थाळनेर, ही फारुकी सुलतानांची पहिली राजधानी; पुढे त्यांनी वरच्या अंगाला बऱ्हाणपूर वसवले.

रशियातही असेच झाले. इल्मेन सरोवरातून निघणाऱ्या वोल्खोव नदीवर नोव्हगोरोद शहर वाढले. पण तेथे नदी हीच वाट होती. माल होडीतून जाई. आपली तापी पावसाळ्यात दुथडी भरते आणि चैत्र-वैशाखात खडक दाखवते. म्हणून बऱ्हाणपूरचा माल बैलांच्या पाठीवर, गाड्यांतून, खोऱ्याच्या वाटेने सुरतेला जाई. आपल्याकडे नदीतली नाव नव्हे, तर नदीचा उतार महत्त्वाचा.

मग नदीने दिले काय? शेताला पाणी. धुळे भागात पांझरेवर दगडी बंधारे बांधून पाट काढले, आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडले. एका फडात सगळ्यांचे एकच पीक. पाणी पाटकऱ्याने द्यायचे. ज्याने त्याने बारे फोडायचे नाही. पाट साफ करायचा तो सर्वांनी मिळून. पाणी कमी पडले तर एखादा फड पडीक राही आणि तूट सगळ्यांच्या वाट्याला येई. पुढे विहिरींवर इंजिने नि पंप बसले, जो तो आपापले पाणी उपसू लागला, आणि पुष्कळ ठिकाणी ही रीत मोडली. बंधारा दगडाचा खरा, पण तो टिकला होता गावाच्या एकमतावर.

आपल्या नशिराबादजवळची वाघूर अजिंठ्याच्या लेण्यांपासून वाहत येते. आज तिच्यावर धरण आहे, जळगाव शहर तिचे पाणी पिते. म्हणजे वाटेकरी वाढले. वाटणीचा नियम मात्र पुन्हा बसवावा लागेल.

गुरुजींना एक विनंती. मुलांकडून गावाचा नकाशा काढून घ्या. नाला, जुन्या विहिरी, पुराची खूण, सारे त्यात दाखवा. म्हाताऱ्यांना विचारायला पाठवा, पूर्वी पाणी कोण वाटून देई, भांडण कोण मिटवी. ही माहिती आज घरात आहे, तोवर वहीत उतरवून ठेवा.