तिकीट महागाचं, गाडी दोन मिनिटांची

रविवारी संध्याकाळी साडेपाचला चहाचा कप घेऊन टीव्हीसमोर बसायचं आणि सिंगापूरची फॉर्म्युला वन शर्यत बघायची, हा आमच्या घरचा वर्षानुवर्षांचा नेम. तिथे तेव्हा रात्रीचे आठ वाजलेले असतात. ग्रेटर नॉएडाच्या बुद्ध सर्किटवर २०१३ नंतर फॉर्म्युला वन शर्यत झालेली नाही, त्यामुळे ‘एकदा तरी प्रत्यक्ष बघू’ म्हणणारे आपल्याकडचे बरेच जण सिंगापूरचं तिकीट काढतात. मीही काढलं. परत आल्यावर तिकिटाला नावंही ठेवली. खरं तर घरून निघतानाच डोक्यात काही चुकीच्या समजुती पक्क्या बसल्या होत्या.

त्यातली सगळ्यात महागात पडणारी समजूत म्हणजे सरळ रस्त्यासमोरची खुर्ची सर्वात उत्तम. वेग बघायला आलो, तर जिथे वेग जास्त तिथेच बसायचं, असं आपलं गणित. आता खरं गणित मांडू. ताशी ३०० किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला ८३ मीटर कापते. तुमच्यासमोर रस्त्याचा दीडशे मीटरचा तुकडा असेल, तर गाडी दोन सेकंदही दिसत नाही. शर्यतीच्या फेऱ्या ६२. म्हणजे पुऱ्या शर्यतीत तुमचा लाडका ड्रायव्हर तुम्हाला जेमतेम दोन मिनिटं दिसणार! तेवढाच तुकडा संथ वळणावर असेल आणि गाडी नव्वदच्या वेगाने येत असेल, तर ती सहा सेकंद नजरेत राहते. ब्रेक लागताना तिचं नाक खाली दबतं, भिंतीपासून वीतभर अंतर ठेवून ती वळते, मागचं चाक किंचित घसरतं आणि ड्रायव्हर ते सावरतो. टीव्हीवर हे कधी कळतच नाही. सरळ रस्त्यावरची जागा घ्यायचीच, तर पिटसमोरची घ्यावी. दोन-तीन सेकंदांत चारही चाकं बदलण्याची कसरत तरी दिसते. बाकी फिरत्या तिकिटाला कमी लेखू नका. ठरलेली खुर्ची मिळत नाही, पाय दुखतात, पण शुक्रवारी एक वळण आणि शनिवारी दुसरं, असं बघता येतं.

‘प्रत्यक्ष गेलं की शर्यत जास्त कळते’ हेही खरं नाही. सुमारे ४.९ किलोमीटरच्या ट्रॅकचा तुम्हाला दिसतो एक कोपरा. पहिला कोण, टायर कुणी बदलले, हे समोरचा मोठा पडदा किंवा मोबाइलच सांगणार. म्हणून खुर्ची निवडताना तिथून पडदा दिसतो का, हे आधी पाहावं.

‘शुक्रवार-शनिवार शहर फिरू, रविवारी शर्यत बघू’ असा बेत बरेच जण आखतात. पण भिंतींनी आवळलेल्या शहरातल्या या रस्त्यांवर पुढच्याला गाठून मागे टाकणं महाकठीण. २०२३, २०२४ आणि २०२५ या तिन्ही वर्षी सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या शनिवारच्या पात्रता फेरीत पहिला आलेलाच रविवारी जिंकला. खरी चुरस शनिवारी रात्री असते. तेव्हा आपण हॉटेलात पाय चेपत बसलेलो असतो.

रात्रीची शर्यत म्हणजे गारवा? सिंगापूर विषुववृत्ताला खेटून आहे. रात्री नऊला शर्ट पाठीला चिकटतो. सुती कपडे आणि भरपूर पाणी हवं. पाऊस आला की शर्यत रद्द, हीही क्रिकेटची सवय. २०१७ मध्ये ओल्या रस्त्यावरच सुरुवात झाली आणि पहिल्या वळणाआधीच फेरारीच्या दोन्ही गाड्या आणि व्हर्स्टापेन या ड्रायव्हरची गाडी एकमेकांवर आदळल्या. २०२२ मध्ये शर्यत तासाभराहून जास्त उशिरा सुरू झाली, पण झाली. छत्री उघडली की मागची अख्खी रांग ओरडते, तेव्हा बॅगेत रेनकोट ठेवावा.

२०१४ पासून हायब्रिड इंजिनं आली आणि आवाज उतरला, हे खरं. म्हणून कानात बोळे नकोत, हे मात्र खोटं. उंच इमारतींमध्ये आवाज घुमतो, आणि तीन दिवस, तासन्‌तास घुमतो. लहान मुलांना तर कान पूर्ण झाकणारे हेडफोनसारखे इअरमफच लावा.

कठडा ओलांडून जवळून फोटो काढण्याचा मोह कुणाला होत असेल, तर २०१५ ची गोष्ट सांगतो. चालू शर्यतीत एक प्रेक्षक ट्रॅकवर उतरला. गाड्यांचा वेग आवरणारी सेफ्टी कार आणावी लागली आणि त्या गृहस्थाला सहा आठवड्यांची कैद झाली.

टॅक्सीचा विचारही करू नका, रस्ते बंद असतात. मेट्रोच बरी, पण तिकिटावरचा गेट क्रमांक पाहून त्याला जवळचं स्टेशन आधीच शोधून ठेवा. मी चुकीच्या स्टेशनावर उतरलो आणि कुंपणाला अर्धा वळसा घालून घामाघूम पोचलो. परतताना लगेच उठायची घाई नको. गर्दी ओसरेपर्यंत कठड्याशी उभं राहून खाली बघा. वळणाच्या बाहेरच्या अंगाला टायरच्या रबराच्या काळ्या गोळ्या पडलेल्या दिसतील, करवंदांएवढ्या.