वाण तोच, गुण नवा: परमुलखात हेल का बदलतो?

जालन्यातून पुण्याला शिकायला गेलेले मूल दिवाळीला घरी आले, की घरच्यांचे कान आधी त्याच्या बोलण्याकडे लागतात. ‘काय करायलास?’ असे मित्राने विचारले आणि ‘काही नाही, बसलोय’ असे उत्तर आले, की लगेच शेरा बसतो: हा आता पुणेरी झाला. तेच मूल पुढे जर्मनीला किंवा अमेरिकेला गेले, की शेरा आणखी तिखट होतो. गंमत म्हणून केलेली ही टीका ऐकणाऱ्याला लागते, कारण पुण्यात पहिल्या वर्षी ‘जेवायलो’, ‘जायलो’ म्हटल्याबद्दल त्याला उलट्या बाजूने हसून झालेले असते. तिथे तो गावंढळ आणि इथे तो परका. या दोन्ही शेऱ्यांमागे बोलीबद्दलचे काही जुने गैरसमज आहेत. भाषाशास्त्रज्ञांनी गेली साठेक वर्षे माणसांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून, स्वर-व्यंजने मोजून या गोष्टी तपासल्या आहेत. त्यातून निघणारा निष्कर्ष आपल्या एका म्हणीत आधीच सांगून ठेवलेला आहे: ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. आपण ही म्हण वाईट संगतीसाठी वापरतो. बोलीच्या बाबतीत मात्र ती शब्दशः खरी आहे आणि त्यात वाईट काहीच नाही.

गैरसमज पहिला: हेल बदलतो तो शिष्टपणाने, मुद्दाम

वस्तुस्थिती अशी, की समोरच्याच्या बोलण्याच्या जवळ सरकणे ही माणसाची जवळजवळ आपोआप घडणारी क्रिया आहे. हॉवर्ड गाइल्स यांनी १९७०च्या दशकात याची पद्धतशीर मांडणी केली: ज्याच्याशी जुळवून घ्यायचे आहे त्याच्या वेगाकडे, शब्दांकडे, स्वरांकडे आपले बोलणे झुकते, आणि ज्याच्यापासून अंतर राखायचे आहे त्याच्यापासून दूर जाते. याचा एक सुंदर पुरावा २०१९ साली प्रसिद्ध झाला. अंटार्क्टिकावरील ब्रिटिश संशोधन केंद्रात हिवाळाभर अडकून राहणाऱ्या ११ जणांचे बोलणे जोनाथन हॅरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी ठरावीक अंतराने ध्वनिमुद्रित केले. ही माणसे वेगवेगळ्या भागांतून आलेली होती. बाहेरच्या जगाशी भेटीगाठी बंद, दिवसरात्र एकमेकांचीच सोबत. काही महिन्यांतच त्यांच्या काही स्वरांमध्ये बारीक पण मोजता येईल असा सामायिक बदल दिसू लागला. तिथे शिष्टपणा दाखवायला कुणी प्रेक्षक नव्हता. फक्त संगत होती आणि ती पुरेशी ठरली.

यावर कुणी म्हणेल, की मुद्दाम हेल काढणारे लोक आम्ही पाहिले आहेत. असतात, आणि ते ओळखूही येतात: त्यांचा हेल ठरावीक माणसांसमोरच उमटतो, एकच शब्द दोन मिनिटांत दोन तऱ्हांनी येतो. पण त्यांच्यावरून बाकीच्यांना तोलणे चुकीचे आहे. शिवाय परदेशात गेलेल्या माणसावर समजले जाण्याचे दडपण असते. मराठीत एकच ‘व’ आहे. इंग्रजीत ओठ गोल करून काढायचा आणि दात ओठावर टेकवून काढायचा असे दोन वेगळे ध्वनी आहेत. दुकानात, दवाखान्यात, फोनवर आपले नाव-पत्ता तीनतीनदा सांगावा लागला, की माणूस तो फरक शिकतो. त्याला तोरा म्हणणे म्हणजे पोहणाऱ्याने हात मारले म्हणून त्याला दिखाऊ म्हणण्यासारखे आहे.

गैरसमज दुसरा: लहानपणी वळली तशीच जीभ, मोठेपणी काही बदलत नाही

यात अर्धे सत्य आहे, म्हणूनच हा गैरसमज टिकून आहे. वयाचा परिणाम मोठा असतो. जॅनेट वेर्कर आणि रिचर्ड टीज यांनी १९८४ साली दाखवून दिले, की इंग्रजी घरातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांतला फरक सहज कळतो. तीच क्षमता वर्षाचे होईपर्यंत ओसरते, कारण त्यांच्या भोवतीच्या भाषेत तो फरक उपयोगाचा नसतो. आपल्याकडेही हे दिसते. ‘ळ’ हिंदीत नाही. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत पोलादाच्या कारखान्यांमुळे बिहार, उत्तर प्रदेशातून कामगार येतात. मोठेपणी मराठी शिकलेल्या माणसाच्या तोंडी ‘शाळा’ची ‘शाला’ होणे स्वाभाविक आहे, आणि त्याचेच मूल इथल्या मराठी शाळेत, इथल्या पोरांत वाढले तर ‘ळ’ सहज उच्चारते. कान लवकर घडतो आणि जीभ कानाच्या मागून जाते.

पण ‘लवकर घडतो’ म्हणजे ‘नंतर बंद होतो’ असे नाही. हॅरिंग्टन यांनीच २००० साली इंग्लंडच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांच्या नाताळच्या भाषणांचे विश्लेषण केले. १९५०च्या दशकातील आणि १९८०च्या दशकातील भाषणांची तुलना करता राणीचे स्वर दक्षिण इंग्लंडच्या सर्वसाधारण बोलण्याकडे स्पष्टपणे सरकलेले आढळले. राणीला कुणाची नक्कल करण्याची गरज नव्हती, ती स्थलांतरितही नव्हती. भोवतालचा समाज बदलला आणि तिचा आवाज वयाच्या मध्यावरही त्याच्याबरोबर थोडा वाहत गेला. मग रोज नव्या मुलखातल्या माणसांशी तोंड उघडणाऱ्याचे बोलणे जसेच्या तसे राहावे, ही अपेक्षाच अवास्तव ठरते.

गैरसमज तिसरा: तिथले चार शब्द तोंडात बसले म्हणजे तिथली बोली आली

शब्द आणि हेल एकाच वेगाने येत नाहीत. जॅक चेंबर्स यांनी दक्षिण इंग्लंडमध्ये राहायला गेलेल्या दोन कॅनेडियन कुटुंबांतील सहा मुलांचा अभ्यास करून १९९२ साली निष्कर्ष मांडले. नवे शब्द सर्वांत आधी आणि भराभर आले, उच्चार मागून आणि सावकाश. सोपे नियम बहुतेकांना साधले, गुंतागुंतीचे नियम लहान वयात आलेल्यांनाच. त्याआधी १९८०मध्ये आर्विला पेन यांनी फिलाडेल्फियाजवळच्या एका उपनगरात याहून बारीक गोष्ट नोंदवली होती. तिथल्या बोलीतला एका स्वराचा किचकट नियम बाहेरून आलेल्या कुटुंबांतील मुलांना पुरता साधला नाही. काही मुले अगदी लहानपणापासून तिथे होती, तरीही नाही. तो नियम पक्का बसायला आईवडीलही तिथलेच असावे लागत. म्हणजे बाहेरच्या संगतीने जे शिकता येत नाही असेही काही असते. ते घरातूनच येते.

हे मराठीत पाहणे सोपे आहे. जालन्याचा मुलगा मुंबईत गेला, की महिनाभरात ‘लोचा’, ‘झोल’, ‘कल्टी’ असे शब्द बोलू लागतो, कारण शब्द म्हणजे सुटी नाणी, या खिशातून त्या खिशात जातात. ‘मी त्याला म्हणालो’च्या जागी ‘मी त्याला बोललो’ यायला थोडा अधिक काळ लागतो, कारण तिथे एका क्रियापदाचे सगळे काम बदलते. आणि ‘करायलो’ची जागा ‘करतोय’ने घ्यायची तर काळ व्यक्त करण्याची सवयच बदलावी लागते. पुण्यात ‘करायला’ म्हणजे हेतू: अभ्यास करायला आलो. मराठवाड्यात ‘करायलो’ म्हणजे चालू असलेली क्रिया: अभ्यास करायलो. त्यामुळे घाईत, रागात, किंवा आईशी फोनवर बोलताना जुने रूप परत उमटते. चार नव्या शब्दांवरून माणूस बदलला असा निकाल देणाऱ्याने त्याचे क्रियापद ऐकलेले नसते.

गैरसमज चौथा: नवा हेल आला की मायबोली गेली

मिशेल सँसिअर आणि कॅरल फाउलर यांनी १९९७ साली एका ब्राझिलियन विद्यार्थिनीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ती अमेरिका आणि ब्राझील यांच्यात ये-जा करत असे. अमेरिकेत काही महिने राहिल्यावर तिच्या मातृभाषेतील, पोर्तुगीजमधील, प-त सारख्या व्यंजनांमागचा श्वास किंचित वाढे आणि मायदेशी काही महिने काढले की पुन्हा कमी होई. ब्राझीलमधल्या ऐकणाऱ्यांना तो फरक कानांनी जाणवत होता. मराठी वाचकाला हे चटकन कळेल, कारण आपल्याकडे प आणि फ, त आणि थ यांतला फरक श्वासाचाच आहे. इंग्रजी शब्दाच्या आरंभी येणारा ‘प’ आपल्या प आणि फ यांच्या मध्ये कुठेतरी पडतो. वर्षभर तो काढणाऱ्याचे ‘पाणी’ आपल्याला जरा वेगळे ऐकू आले, तर त्यात मराठी विसरल्याची खूण शोधू नये. तो स्नायूंचा सराव आहे आणि तो उलट दिशेनेही फिरतो.

याच्या पुष्टीला महाराष्ट्रातलाच एक जगप्रसिद्ध अभ्यास आहे. सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावात मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी माणसे शतकानुशतके शेजारी राहिली. जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली दाखवले, की रोजच्या व्यवहारामुळे या भाषांची वाक्यरचना इतकी जवळ आली की एकीचे वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येते. तरीही कुठलीच भाषा मेली नाही. घरात प्रत्येकाने आपापले शब्द जपले. तंजावरकडे पाहा: सतराव्या शतकात व्यंकोजीराजांबरोबर आणि नंतर गेलेली मराठी कुटुंबे तमिळ मुलखात राहिली, त्यांच्या बोलण्यावर तमिळचा ठसा उमटला, पण १८०३ साली सरफोजीराजांनी तिथल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास कोरवला तो मराठीतच. महाराष्ट्रातून इस्राएलला गेलेल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाने तिथे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालवले.

इथे एक आक्षेप रास्त आहे: परदेशातल्या अनेक घरांत तिसऱ्या पिढीपर्यंत मराठी उरत नाही. हे खरे आहे आणि दुःखाचेही. पण त्याचे कारण हेल नाही. मुलाशी घरात कुठल्या भाषेत बोलले जाते, आजी-आजोबांशी त्याला कुठल्या भाषेत भांडता आणि हट्ट करता येतो, यावर ते ठरते. ज्याचे इंग्रजी अस्सल अमेरिकन झाले आहे असा माणूस मुलांशी उत्तम मराठी बोलू शकतो, आणि मराठी वळणाचे इंग्रजी बोलणाऱ्याच्या घरातूनही मराठी जाऊ शकते. चिंता करायची तर घरातल्या गप्पांची करावी.

गैरसमज पाचवा: आपली बोली शुद्ध, भेसळ बाहेरच्यांची

बिनहेलाची मराठी कुणीच बोलत नाही. प्रमाण मराठी ही पुण्याच्या आसपासच्या बोलीवर उभी राहिली, म्हणून तिचा हेल कानाला हेल वाटत नाही, एवढेच. आणि जालन्याने तर शुद्धतेचा आग्रह धरूच नये, कारण हे शहर अनेकांच्या येण्यानेच घडले आहे. कुंडलिका नदीच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवीन जालना. इथे मराठी शेतकऱ्याबरोबर मारवाडी आणि गुजराती व्यापारी आहेत, दखनी बोलणारे मुसलमान आहेत. १९४८पर्यंत गाव निजामाच्या राज्यात होते आणि १९००च्या सुमारास आलेल्या रेल्वेने ते हैदराबादला जोडले गेले. या गावाची ओळख सांगणारी ‘जालना सोने का पालना’ ही म्हणसुद्धा मराठी नाही.

त्यातही दखनीचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. १३२७ साली महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली. दौलताबाद जालन्यापासून साधारण ७५ किलोमीटर. उत्तरेतून आलेल्या त्या आणि नंतरच्या माणसांची बोली दख्खनमध्ये रुजली, तिची दखनी झाली. तिने इथून काय उचलले? मराठीचा ‘नको’ तिच्यात ‘नक्को’ झाला आणि आपला जोर देणारा ‘च’ ‘इच’ होऊन बसला: ‘ऐसाइच’, ‘मैंइच’. नकार देणे आणि आग्रहाने सांगणे या माणसाच्या अगदी आतल्या गोष्टी. परक्या मुलखात आलेल्यांनी नेमक्या त्याच इथल्या शब्दांत बोलायला सुरुवात केली, आणि तरी आपली भाषा सोडली नाही. ज्याला आज आपण भेसळ म्हणतो, ती शेजाराची नोंद आहे.

विल्यम लबॉव यांनी अमेरिकेतील मार्थाज व्हिनयार्ड बेटाचा अभ्यास १९६३ साली प्रसिद्ध केला, त्यात त्यांना आढळले, की ज्यांना बेटावरच राहायचे होते त्यांच्या तोंडी बेटाचे जुने स्वर ठळक होते आणि ज्यांचे मन बाहेर लागले होते त्यांच्या बोलण्यात ते फिके पडत होते. हेलावर संगतीचा परिणाम होतो तसाच आपुलकीचाही होतो. परत आलेल्या मुलाला पुणेरी किंवा अमेरिकन म्हणून हसले, तर आपण त्याला नेमके इथल्या हेलापासून दूर ढकलतो. पुण्यात ‘जेवायलो’ला हसणारेही तेच करतात, फक्त दुसऱ्या बाजूने. त्यापेक्षा त्याच्याशी चार दिवस आपल्या बोलीत भरपूर बोलावे. ज्या नियमाने त्याचा हेल तिकडे गेला, त्याच नियमाने तो घरीही परत येतो. सुट्टी संपता संपता ‘काय करायलास?’ हा प्रश्न तोच कुणाला तरी विचारताना ऐकू येईल.