दुचाकीची देखभाल (भाग ५) : टायरचं वय आणि टायरमधली हवा

मागच्या भागात ब्रेक पाहिले. ब्रेक चाक थांबवतो, पण गाडी थांबते टायरच्या पकडीवर, आणि रस्त्याला टेकलेला टायरचा भाग असतो जेमतेम तळहाताएवढा.

जून जवळ आला की टायरच्या दुकानात एकच प्रश्न ऐकू येतो : नक्षी किती उरलीय? केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे दुचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर खोल हवी. टायरच्या कडेला ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरं किंवा छोटा त्रिकोण असतो. त्याच्या सरळ रेषेत, खाचेच्या तळाशी रबराचा उंचवटा दिसेल. नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली की टायर संपला. माझ्या मते पावसाळ्याआधी तिथपर्यंत थांबूच नये; खाच उथळ झाली की पाण्याला बाजूला सरायला वाट उरत नाही.

पण नक्षी शाबूत असलेला टायरही दगा देतो. वर्षानुवर्षं पार्किंगमध्ये उभ्या राहिलेल्या गाडीचं रबर कडक होतं, कडेला बारीक चिरा पडतात. म्हणून टायरचं वय पाहायचं. कडेवर लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३२२ म्हणजे २०२२ सालातला तेविसावा आठवडा. नवा टायर घेताना पैसे देण्याआधी हे आकडे वाचा आणि जुना माल निघाला तर बेलाशक दुसरा मागा. पाच वर्षं उलटली की टायर दरवर्षी जाणत्या माणसाला दाखवावा.

मापाचंही तसंच. १००/९०-१७ ५५पी म्हणजे रुंदी १०० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ९० टक्के, रिम १७ इंची. ५५ म्हणजे २१८ किलो भार आणि ‘पी’ म्हणजे ताशी १५० किलोमीटरची मर्यादा. गाडी भारदस्त दिसावी म्हणून मागे रुंद टायर बसवण्याची हौस पुष्कळांना असते. अरुंद रिमवर तो दोन्ही बाजूंनी आवळला जातो, त्याची गोलाई बिघडते आणि ताम्हिणी घाटाच्या वळणावर गाडी कलताना बुजते. कंपनीनं दिलेलं मापच ठेवा.

काटकसर पुढच्या टायरवर तर कधीच करू नये. जोरात ब्रेक दाबला की भार पुढे येतो. मागचं चाक घसरलं तर सावरायला क्षणभर तरी वेळ मिळतो, पुढचं घसरलं की माणूस थेट रस्त्यावर.

आता हवा. एवढी स्वस्त आणि एवढी दुर्लक्षित गोष्ट दुसरी नाही. हवा कमी असली की टायरच्या कडा सतत दुमडतात, रबर तापतं, पेट्रोलही जास्त लागतं. आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना हवा तपासा. लांबून चालवत आणलेल्या गाडीच्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो. तो पाहून हवा सोडू नका. नेमका आकडा चेनकव्हरजवळच्या स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये मिळेल, आणि मागे कुणी बसणार असेल तर मागच्या चाकाचा आकडा वेगळा असतो. नायट्रोजन भरा किंवा साधी हवा. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. व्हॉल्व्हची टोपी मात्र हरवू देऊ नका.

ट्यूबलेस टायरला मधोमध खिळा लागला तर पंक्चर काढून घ्या. कडेला चीर गेली असेल तर पंक्चरवाला कितीही खात्री देवो, टायर बदला. नवा टायर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर गुळगुळीत असतो, तेवढं अंतर हळू चालवा.

पुढच्या आठवड्यात : चेन आणि स्प्रॉकेट.