मातीच्या तेलाचा मक्ता

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात ठेका हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. तेंदूपत्त्याचा ठेका, बांबूचा ठेका, रेतीघाटाचा ठेका. ठेकेदार पैसे भरतो, कागदावर सही होते आणि ठरलेल्या मुदतीपर्यंत ठरलेल्या हद्दीतला माल त्याचा होतो. जमीन जागच्या जागी राहते, माल मात्र निघून जातो. ग्रांथिक भाषेत ह्यालाच मक्ता म्हणतात. आज ज्या मक्त्यांविषयी सांगायचे आहे, ते पानाचे नव्हते, तेलाचे होते. आणि ते मिळवण्यासाठी झगडणारे ठेकेदार म्हणजे जगातली मोठमोठी साम्राज्ये होती. तुम्ही म्हणाल, त्याचे आपल्याला काय? पण त्या झगड्याची झळ महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतल्या घरांना लागलेली आहे. ती कशी, हे क्रमाने पाहू.

वडीलधाऱ्यांना कंदिलाची काच राखेने पुसल्याचे आठवत असेल. त्यातल्या तेलाला कोणी घासलेट म्हणे, कोणी रॉकेल. आपल्याकडे मातीचे तेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे तेल हिंदुस्थानच्या बाजारात मुख्यतः परदेशातून येई. काही अमेरिकेतून, स्टँडर्ड ऑइल कंपनीचे. काही रशियाच्या ताब्यातल्या बाकूहून, म्हणजे कास्पियन समुद्राच्या काठावरून. पुढे ब्रह्मदेशातल्या विहिरींचे तेल घेऊन बर्मा ऑइल ही इंग्रज कंपनीही त्यात उतरली. तोवर भांडण व्यापाऱ्यांचे होते. भाव पाडायचा, दुसऱ्याचे गिऱ्हाईक ओढायचे, एवढ्यावर भागत असे. तेल दिव्यातून निघून इंजिनात शिरले, तेव्हा मात्र सरकारे जागी झाली.

येथे एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. हिंदुस्थानात मक्ता देणारा एकच होता, इंग्रज सरकार. आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. लोहारा येथल्या लोखंडाच्या दगडाविषयी फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाचा अहवाल १८८२ साली निघाला. तो जमशेटजी टाटांनी वाचला. पण खाणीचे नियम इतके जाचक होते, की बेत पुढे जाईना. १८९९ साली व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन ह्यांनी नियम सैल केले, तेव्हा कोठे शोधाचा परवाना मिळाला आणि १९०४ च्या सुमारास दोराबजी टाटा अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ वेल्ड ह्यांना घेऊन चांद्याच्या जंगलात हिंडले. दगड उत्तम निघाला, पण मोठ्या कारखान्याला पुरेल एवढा साठा सापडला नाही. दार एकाच्याच हाती होते. त्याने उघडले तर उघडले. ब्रह्मदेशात अमेरिकनांनी तेल शोधण्याची परवानगी मागितली, तेव्हा ह्याच सरकारने ती नाकारली.

इराणात गोष्ट निराळी होती. तेथे शहा होता, दरबार होता, राज्य नावाला स्वतंत्र होते. पण उत्तरेकडून रशिया रेटत होता आणि दक्षिणेकडून, हिंदुस्थानच्या जोरावर, इंग्रज. खजिना रिकामा, डोक्यावर कर्ज. अशा घराच्या दाराशी दोन सावकार उभे राहिले म्हणजे काय होते, ते शेतकऱ्याला सांगायला नको.

विल्यम नॉक्स डार्सी नावाचा एक इंग्रज होता. ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या खाणीत त्याने पैसा केला होता. तेलाच्या मक्त्यासाठी त्याने आपला माणूस तेहरानला पाठवला. तेथला इंग्रज वकील आर्थर हार्डिंग त्याच्या पाठीशी उभा राहिला. रशियाला सुगावा लागला तर तो मोडता घालणार, हे उघड होते. म्हणून वजिराने एक युक्ती काढली, असे सांगतात. मसुद्याचे पत्र रशियन वकिलातीत रीतसर पाठवायचे, पण ते अवघड वळणाच्या फारसी अक्षरात, आणि तेही वकिलातीतला फारसी वाचणारा अंमलदार गावाला गेला असताना! पत्र तसेच पडून राहिले आणि इकडे २८ मे १९०१ रोजी मुजफ्फरुद्दीन शहाने सही केली.

आता करारातल्या अटी पाहा. मुदत ६० वर्षे. शहाला रोख २०,००० पौंड आणि तेवढ्याच किमतीचे कंपनीचे भाग. शिवाय दर साल निव्वळ नफ्यातले शेकडा १६. हद्द म्हणाल तर जवळजवळ सारा इराण. फक्त उत्तरेचे पाच प्रांत वगळले होते. ते का वगळले? तेथे तेल नव्हते म्हणून नव्हे, तर ते प्रांत रशियाच्या सीमेला लागून होते म्हणून. इराणच्या कागदावरची रेघसुद्धा अशी दुसऱ्याच्या धाकाने ओढली गेली.

रशिया स्वस्थ बसला नाही. बाकूचे तेल थेट इराणच्या आखातापर्यंत नळाने न्यावे आणि तेथून हिंदुस्थानात विकावे, असा त्याचा घाट होता. इंग्रजांनी तो होऊ दिला नाही. १९०३ च्या नोव्हेंबरात लॉर्ड कर्झन लढाऊ जहाजे बरोबर घेऊन आखाताची फेरी करून आले. हे पाणी कोणाचे, ते त्या फेरीने सर्वांना दाखवले.

इकडे डार्सीचा पैसा विहिरी खणण्यात संपत चालला. मक्ता दुसऱ्या देशाच्या हाती जाईल, ह्या भीतीने इंग्रज आरमार खात्याने मध्यस्थी केली आणि १९०५ साली बर्मा ऑइल कंपनीने पैसा पुरवला. त्याच वर्षी आणखी एक करार झाला. ज्या डोंगराळ मुलखात विहिरी खणायच्या, तो बख्तियारी लोकांचा. ही डोंगरातली, मेंढरांचे कळप घेऊन फिरणारी जमात. शहाचा हुकूम तेथे चालत नसे. म्हणून कंपनीने त्यांच्या सरदारांशी वेगळे ठरवले: राखणीबद्दल वर्षाला २,००० पौंड आणि भागांत शेकडा ३. करार सरदारांशी झाला. कळप राखणाऱ्याला कोणी विचारले नाही. जंगल मुलखातल्या वाचकाला हे चित्र अनोळखी वाटू नये.

१९०७ च्या ऑगस्टात तर कमालच झाली. जर्मनीचे बळ वाढताना पाहून कालचे वैरी इंग्लंड आणि रशिया एक झाले आणि त्यांनी इराणची वाटणी केली. उत्तर रशियाच्या वजनाखाली, आग्नेय इंग्रजांच्या, मधला पट्टा मोकळा. ज्याचा देश, त्या इराणला ह्या बैठकीचे आवतणसुद्धा नव्हते.

पुढल्याच वर्षी, २६ मे १९०८ रोजी पहाटे, मस्जिद-इ-सुलेमान येथे सुमारे १,१८० फूट खोलीवर तेल लागले. खोदकामाचा प्रमुख जॉर्ज रेनल्ड्स पूर्वी हिंदुस्थानच्या बांधकाम खात्यात नोकरीला होता आणि छावणीच्या राखणीला हिंदुस्थानातून पाठवलेल्या घोडेस्वारांची एक छोटी तुकडी होती. १९०९ मध्ये अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनी निघाली आणि आबादान बेटावर तेल शुद्ध करण्याचा कारखाना उभा राहू लागला.

येथून हा खेळ आरमाराचा झाला. वरोरा-बल्लारपूरच्या माणसाला कोळसा ठाऊक आहे. तो भरायला माणसे लागतात, भट्टीत टाकायला माणसे लागतात, आणि बंदर गाठल्याशिवाय जहाजावर तो नीट चढत नाही. तेल मात्र नळाने भरते. जहाज त्यावर अधिक वेगाने आणि अधिक लांब जाते. म्हणून विन्स्टन चर्चिल आरमारमंत्री असताना इंग्लंडने नव्या लढाऊ जहाजांसाठी तेल पत्करले. पण इंग्लंडात कोळसा होता, तेल नव्हते! तेव्हा जून १९१४ मध्ये पार्लमेंटने २२ लाख पौंड मंजूर केले आणि सरकारने अँग्लो-पर्शियन कंपनीचे शेकडा ५१ भाग घेण्याचे ठरले. ठेकेदाराच्या दुकानात सरकारच बहुमताचे भागीदार झाले.

शेजारच्या तुर्की साम्राज्यातही हेच चालले होते. बगदाद आणि मोसुल तेव्हा तुर्कांचे. तेथे जर्मनांनी रेल्वेचा मक्ता मिळवला होता, आणि त्यात रुळांच्या दोन्ही बाजूंच्या २० किलोमीटर पट्ट्यातल्या खनिजांचा हक्कही होता. इंग्रज, डच आणि जर्मन एकमेकांना अडवत राहिले. शेवटी १९ मार्च १९१४ रोजी तडजोड झाली. टर्किश पेट्रोलियम कंपनीत निम्मे भाग अँग्लो-पर्शियनकडे, पाव भाग शेल कंपनीकडे, पाव भाग जर्मन बँकेकडे; आणि मध्यस्थ गुलबेंकियन ह्यांना शेकडा ५. तुर्की वजिराने मोसुल आणि बगदादचा मक्ता देण्याचे लेखी वचन दिले ते २८ जून १९१४ रोजी. ती तारीख शिक्षकांच्या लगेच ध्यानात येईल. त्याच दिवशी सारायेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून झाला. महिनाभरात महायुद्ध पेटले आणि कालचे भागीदार रणांगणावर समोरासमोर आले.

आता महाराष्ट्राकडे वळू. तुर्कस्तान शत्रूच्या बाजूला गेले, तेव्हा आबादानचा कारखाना आणि तेलाचा नळ धोक्यात आला. आखातावरचे वजन टिकवणे, अरब शेखांना धीर देणे, अशी इतरही कारणे होती. पण तेल त्यांत ठळक होते. आणि पाठवली कोणती फौज? सहावी, पुणे डिव्हिजन. ६ नोव्हेंबर १९१४ रोजी शत्त-अल-अरब नदीच्या मुखाशी फाओ येथे तिची पहिली ब्रिगेड उतरली. तिच्यात ११७ वी मराठा पलटण होती. १०३ वी आणि ११० वी मराठा पलटण मागोमाग आल्या. बसरा पडले. मग तैग्रिस नदीच्या काठाने फौज थेट बगदादच्या रोखाने पुढे गेली, तेथे अडली, मागे हटली आणि डिसेंबर १९१५ मध्ये कुत-अल-अमारा ह्या गावात वेढली गेली. जवळजवळ पाच महिने वेढा चालला. धान्य संपले, घोडे मारून खाण्याची पाळी आली. २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंड शरण गेले. सुमारे १३,००० माणसे कैद झाली. त्यांत बहुसंख्य हिंदी होते. वाळवंटातून चालवत नेताना आणि नंतरच्या बंदिवासात हजारो मेले. ज्या मक्त्याच्या कागदावर त्यांची सही नव्हती, ज्याच्या नफ्यात त्यांचा पैसाही नव्हता, त्याच्या राखणीत मराठी शेतकऱ्याची मुले गेली.

लढाई संपली आणि पुन्हा वाटणी सुरू झाली. १९१६ च्या गुप्त करारात मोसुल फ्रान्सच्या वजनाखाली ठेवले होते. १९१८ च्या डिसेंबरात ते इंग्लंडला सोडण्यात आले. एप्रिल १९२० मध्ये सान रेमो येथे पराभूत जर्मनांचा पाव हिस्सा फ्रान्सला मिळाला. मग अमेरिका म्हणू लागली, दार सर्वांना उघडे पाहिजे. १५ ऑक्टोबर १९२७ रोजी किर्कुकजवळ तेलाचा प्रचंड फवारा उडाला आणि ३१ जुलै १९२८ रोजी साऱ्यांचा समेट झाला. इंग्रज, डच-इंग्रज, फ्रेंच आणि अमेरिकन, प्रत्येकी शेकडा २३.७५, गुलबेंकियन ह्यांचे ५ कायम. नकाशावर एक तांबडी रेघ ओढली आणि तिच्या आत कोणी एकट्याने मक्ता घ्यायचा नाही, असे ठरले. लिलावाआधी ठेकेदारांनी आपसात ठरवून घ्यावे, कोणी कोणावर बोली चढवायची नाही, तसलाच हा प्रकार. आणि इराक? सान रेमोच्या कागदात स्थानिकांना शेकडा २० पर्यंत भाग देण्याची गोष्ट लिहिली होती. १९२५ साली मक्त्यावर सही घेताना ती बाजूला पडली.

म्हणजे पाहा, साम्राज्ये भांडत होती तोवर मालकाला निदान थोडी किंमत होती, कारण एकाला नाही म्हटले तर दुसरा होता. ती एक झाली, तेव्हा मालक एकटा पडला.

इराणचेही तेच झाले. शेकडा १६ मिळणार, पण निव्वळ नफा किती, हे कंपनीच्या वह्या सांगणार. ह्या हिशेबावरून तंटे सुरू झाले. १९३२ मध्ये रझा शहाने मक्ता रद्द केला. १९३३ मध्ये नवा करार करावा लागला. १९५० साली कंपनीने इंग्रज सरकारला भरलेला कर इराणला दिलेल्या रकमेहून कितीतरी अधिक होता. १९५१ मध्ये मोसद्देक ह्यांनी तेल राष्ट्राच्या मालकीचे केले आणि १९५३ मध्ये इंग्रज-अमेरिकन कारस्थानाने त्यांनाच खाली खेचले गेले. इराकने आपली मुख्य कंपनी १९७२ मध्ये ताब्यात घेतली. आपल्याकडची बर्मा शेलही १९७६ साली सरकारी मालकीची झाली. आजची भारत पेट्रोलियम ती हीच.

ह्या साऱ्या इतिहासातून तीन प्रश्न हाती लागतात, आणि ते कोणत्याही मक्त्याला लागू आहेत. एक, मक्ता देणाऱ्याला नाही म्हणण्याची ताकद होती का? दोन, नफ्याचा हिशेब कोण तपासणार? तीन, त्या जमिनीवर राहणाऱ्याला कोणी विचारले का? आपल्या भागात ह्या तिसऱ्या प्रश्नाला थोडेफार उत्तर मिळू लागले आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये आपला बांबू आपण विकण्याचा परवाना ग्रामसभेच्या हाती आला. पुढे गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या. ठेकेदार आजही येतो, पण बोलणे ग्रामसभेशी करावे लागते. जंगलाच्या पोटातल्या खनिजाचा प्रश्न मात्र अजून असा सुटलेला नाही.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. वर्गात पश्चिम आशियाचा नकाशा टांगा. बाकू, आबादान, फाओ, कुत आणि मोसुल ही पाच ठिकाणे मुलांकडून दाखवून घ्या आणि मग विचारा, पुण्याची पलटण येथे कशाला गेली होती? मुले उत्तर शोधतील. आणि उद्या गावात एखादा कागद सहीला आला, तर त्यांतलेच कोणी म्हणेल, थांबा, आधी सगळा वाचून दाखवा.